पाच खंडांचा पिक्चर

आबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि या शुक्रवारी मी लिहिलेला पिक्चर कोल्हापुरात लागला. ज्या कादंबरीवरून लिहिला ती तुम्हाला माहीत आहे. चोरीला गेलेली नदी परत आणायला निघालेल्या मुलीची, पाच जाडजूड खंडांची. आठवीत असताना पेठेतल्या वाचनालयातून एकेक खंड आणून मी ती तुम्हाला वाचून दाखवली होती. तुम्ही स्टुडिओत पडदे रंगवायचा. राजवाडे, घाट, किल्ले. पण शाळा चौथीतच सुटलेली, त्यामुळं मोठं पुस्तक हातात घ्यायला लाजायचा. संध्याकाळी स्वयंपाकघरात आई भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून रॉकेलमध्ये ब्रश धुताय आणि मी मोठ्यानं वाचतेय. राजधानीचं वर्णन आलं की तुम्ही मला थांबवता. "उजेड कुठल्या बाजूनं हाय?" पुस्तकात ते नसतं. मग तुम्हीच म्हणता, "उगवतीकडनं धर," आणि मी पुढं वाचते.

एकदा लढाई फारच लांबली म्हणून मी गुपचूप दहा-बारा पानं उलटली. चार ओळी वाचून झाल्या असतील, तुमचा हात थांबला. "मगाशी हत्ती पाण्यात हुता. वाळूत कसा आला?" मी म्हटलं, तसंच लिहिलंय. तुम्ही ओरडला नाहीत, पण आवाज असा खाली आला की आईनं भाकरी थापायची थांबवली. "कंटाळा आला तर गाळ की. मला समदंच पायजे असं न्हाय. पण गाळायच्या आधी हत्ती पाण्यातनं भाईर काढ." मला रडू आलं. एका हत्तीसाठी आपला बाप आपल्याला बोलला, याचाच राग जास्त आला होता.

पुढं मी पिक्चर लिहायला लागले. घरगुती भांडणांचे, लग्नांचे बरेच लिहिले. मग एका निर्मात्यानं त्याच कादंबरीचं नाव काढलं आणि म्हणाला, लेखक कुणालाच हक्क देत नाहीत, तुम्ही बघा जमतंय का. लेखक शिरोळकडच्या एका गावात राहतात, निवृत्त शिक्षक आहेत, ऐंशीच्या पुढचे. मी पटकथा काखेत मारून गेले आणि त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून आधीच सांगून टाकलं, "सर, तिसरा खंड मी पूर्ण गाळलाय. नायिकेचा भाऊ पिक्चरमध्ये नाही."

आत त्यांच्या पत्नीचा चहा उकळत होता. ते म्हणाले, "तिसऱ्या खंडाला मला सहा वर्षं लागली."

"माहीत आहे. पण त्या सगळ्या खंडात मुलगी काठावर उभी आहे, सर. वाचताना चालतं. थेटरात माणसं उठून जातील."

"आणि भावाची शपथ? ती नसेल तर चौथ्या खंडात सैन्य तिच्यामागं का जाईल?"

मी पान काढून दिलं. ती शपथ मी मुलीच्या तोंडी घातली होती, नदीच्या कोरड्या पात्रात, एकटीच्या. त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. "तुमच्याआधी दोघं आले होते. शब्द न् शब्द ठेवतो म्हणाले. दोघांनीही पुस्तक वाचलं नव्हतं." एवढं बोलून त्यांनी सही करायला पेन मागितलं. आबा, त्या क्षणी मला तुम्ही तिथं हवे होता.

राजधानी आता संगणकावर उभी राहते. ती करणाऱ्या पोरांना मी विचारलं, उजेड कुठून येतोय? त्यांनी एकमेकांकडं बघितलं. मी उगवतीकडून घ्यायला लावला.

शुक्रवारी सुरुवातीलाच माझं नाव आलं, आणि आपल्या रीतीप्रमाणं मधे तुमचं. जन्मभर पडदे रंगवलेत, पण पडद्यावर तुमचं नाव कधी लागलं नव्हतं. ते एवढं मोठं होतं की शेवटच्या रांगेतल्यानंही सहज वाचावं. मध्यंतरात शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "मी तर रडलो बघा, त्या शपथेला." ती गडमुडशिंगीहून सासूला घेऊन आली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "पिक्चर मीच लिहिलाय." तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "व्हय? मग शेवट सांगू नका की."

हे पत्र पोचवायला पत्ता नाही, म्हणूनच एक कबूल करते. शुक्रवारपासून मी रोज तीनचा शो बघतेय. घरी सांगते, शाहूपुरीत काम आहे. उद्याचंही तिकीट काढलंय.