फिरण्याचे अकरा शब्द

२७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.१०
दिवाळी संपली, संताप शिल्लक. काल आबिड्सहून ऑटोने येताना ड्रायव्हरला स्पष्ट म्हटलं, पुढे लेफ्टला टर्न घे. तो म्हणाला, टर्निंगपे छोड देतूं चचा. टर्निंग म्हणजे कोपरा! चौतीस वर्षं सरकारी शाळेत इंग्रजी शिकवलं ते याच्यासाठी? भांडलो. मग टर्निंगवरच उतरलो.

या शहराला कोणीतरी शिकवलं पाहिजे. मराठीत एक 'फिरणे', इंग्रजीत अकरा शब्द. टर्न वेगळा, स्पिन वेगळा, व्हर्ल वेगळा. नामदेवरावांनी मराठी मंडळात व्याख्यानाला १६ नोव्हेंबरचा रविवार दिला आहे. सकाळी अकरा. उद्यापासून पहाटे पाचला उठून रोज एका शब्दाचं कार्ड.

२९ ऑक्टोबर, बुधवार
काल उठलो नाही. आज आठला. दोष भामाचा, तिने उठवलं नाही. म्हणे, डाव्या कुशीवर वळलं की घर गरगर फिरतं, म्हणून पडून राहिले. मी समजावलं की पृथ्वी स्वतःभोवती रोटेट होते, सूर्याभोवती रिव्हॉल्व्ह होते, गौलीगुड्यातलं घर यातलं काहीच करत नाही. आवाज थोडा चढला असेल. ती म्हणाली, "मग जरा धरून ठेवा त्याला, मला न्हाणीत जायचंय."
बायकांना शास्त्र सांगू नये.

एक मात्र नोंदवतो. गेला आठवडाभर ती उजव्या कुशीवर झोपते, म्हणजे माझ्याकडे तोंड करून. एकेचाळीस वर्षांच्या संसारानंतर. बोलून दाखवत नाही, पण माणसाला कळतं.

३ नोव्हेंबर, सोमवार
सुनेने, माधवीने, ऑफिसला निघताना सुनावलं की आईंना डॉक्टरला दाखवा, भिंत धरून चालतात. मी कधी नाही म्हटलं? गुरुवार दिला. विक्रमने बायकोच्या मागे उभं राहून मान हलवली. माझा मुलगा.
कोरी कार्डं आणायला सुलतान बाजारात गेलो. तीन दुकानदारांनी लग्नपत्रिका दाखवल्या. तिसऱ्याला झापलं. रिकाम्या हाताने परत. जुन्या पत्रिकांच्या पाठी वापरणार. शब्द झाले दोन.

६ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळ
हॉस्पिटल. फॉर्म इंग्रजीत. माधवी रजा काढून आली होती, ती भरायला लागली, मी पेन काढून घेतलं. घरात इंग्रजीचा मास्तर असताना? लिहिलं: पेशंटचं डोकं टर्न होतं, दोन आठवडे.

डॉक्टर पोरगेलासा. मला विचारतो, स्पिनिंग होतं का? मी म्हटलं, स्पिनिंग सुताचं होतं, भोवऱ्याचं होतं, क्रिकेटमध्ये होतं, माझ्या बायकोचं होत नाही. हर हेड टर्न्स. तो म्हणाला, बाय इटसेल्फ? मी म्हटलं, येस. मागून भामा काहीतरी सांगत होती. तिला म्हटलं थांब, दोन माणसं बोलताहेत ना.

मानेचा एक्स-रे काढला. मानेला पट्टा दिला, पंधरा दिवस. अचूक शब्दाचा परिणाम. माधवी परतीच्या वाटेवर फोनवर काहीतरी वाचत होती. शिकली असेल काहीतरी.

९ नोव्हेंबर, रविवार
पट्ट्याचा उत्तम गुण. भामा मान हलवत नाही, तक्रारही करत नाही. कार्डं चार. उद्यापासून पहाटे साडेचार.

१२ नोव्हेंबर, बुधवार
भामा न्हाणीत पडली. पट्ट्यामुळे खालचं दिसलं नाही म्हणे. कोपर फुटलं, कपाळ सुजलं. मी सर्वांवर ओरडलो. ओली फरशी, विक्रमने आणलेली गुळगुळीत चप्पल, तो पोरगेला डॉक्टर. नंतर तिच्या कपाळाला बर्फ धरून बसलो, तो वितळेपर्यंत.
तिला परत डॉक्टरकडे नेणार. व्याख्यान झाल्याबरोबर. सोमवारी. नक्की.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३
व्याख्यान झालं. श्रोते सात, त्यात वॉचमन आणि नामदेवराव. अकरापैकी शब्द साडेपाच झाले. एकाने विचारलं, मग चक्कर येण्याला काय म्हणायचं? मी म्हटलं, तो या व्याख्यानाचा विषय नाही. टाळ्या पडल्या, पण तेवढ्यात चहा आला होता.

घरी आलो तर भामा स्वयंपाकघरात. पट्टा नाही, भिंत धरलेली नाही. खाली वाकून डबा काढत होती. माधवीने सकाळीच तिला आबिड्सला कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. कानाच्या! भामाने त्याला डाव्या कुशीचं सरळ सांगितलं, "बाईं करवटपे पलटी तो घर घूमता, डॉक्टरसाब." बस. त्याने तिला आडवं केलं, डोकं डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, उठवून बसवलं. चार मिनिटं. कानात कसलेसे बारीक कण सरकले होते, ते जागेवर गेले.

चिठ्ठी वाचली. इंग्रजीत एकच ओळ: डाव्या कुशीवर टर्न झाल्यास स्पिनिंग. दोन्ही शब्द. दोन्ही बरोबर.
मानेचा पट्टा कोणी दिला, असं त्याने विचारलं म्हणे. भामा काय म्हणाली, ते माधवीने मला अगदी तिच्या आवाजात सांगितलं. "हमारे घर में अंग्रेजी ये बोलते."

मी जेवताना भामाला म्हटलं, मला आधीच नीट सांगायचं. ती ताट उचलून गेली. कपाळावरची सूज अजून निळी आहे.

आत्ता ती पलंगावर आडवी झाली. क्षणभर उताणी, छताकडे बघत, जपून. मग सावकाश डाव्या कुशीवर वळली. घर फिरलं नाही. तशीच, माझ्याकडे पाठ करून, झोपली.
'पाठ फिरवणे' हे कार्ड मी केलं नव्हतं.