न हललेला ठिपका

प्रिय कप्तान,

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. म्हणून आधी त्यांनाच सांगतो. वहिनी, मधे कुठे थांबावंसं वाटलं तरी थांबू नका, आणि मला सांभाळून घ्यायला एखादं वाक्य गाळू नका. तुम्हाला ती सवय आहे. आणि कप्तान, तू डोळे मिटून झोपल्याचं सोंग करू नकोस. त्या सोंगाला मास्तर फसायचे, मी नाही.

मंगळवारी वहिनींचा फोन आला होता. डॉक्टरांनी श्वासासाठी मास्क लावायला सांगितलाय आणि तू तोंड फिरवतोस, जवळ आणला की दात घट्ट मिटतोस, असं त्या म्हणाल्या. तो लावला नाही तर फार दिवस नाहीत, हेही म्हणाल्या. तू त्याला काय कारण देतोस तेही सांगितलं. त्याबद्दलच लिहायला बसलोय. पण एकदम तिथे जायची माझी छाती नाही, म्हणून जरा लांबून येतो.

इकडे सगळं तसंच आहे. चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात अजून त्याच खिडकीजवळच्या टेबलावर बसतो. काच उचलायची, दिव्यासमोर धरायची, ओरखडा किंवा बुडबुडा दिसला की डावीकडच्या ट्रेमध्ये, नाही दिसला की उजवीकडच्या. एका काचेला चार सेकंद. सत्तावीस वर्षं झाली. मुकादम म्हणतो, तुझा डोळा यंत्रापेक्षा बरा. आमची ही म्हणते, यांना भाजी निवडायला देऊ नका, चार सेकंदांत अर्धी जुडी केरात जाते. मी हसायचो. आता मात्र ते आठवलं की हसू येत नाही.

आपल्या शाळेमागचं मैदान तुला आठवतंय ना? मी पाच पावलं पळालो की छातीत शिट्ट्या वाजायच्या. पोरं म्हणायची, याला घेतलं की डाव बुडाला. तू एकदा सगळ्यांसमोर माझा दंड धरून सांगितलंस, हा आपलं कच्चं लिंबू. याला पकडलं तरी बाद नाही, याच्यावर राज्य नाही. लोहाराचा पोरगा तावातावाने पुढे आला. म्हणाला, बाद होत नाही, राज्य घेत नाही, मग हा खेळतो कशाला? तू नाक पुसत म्हणालास, खेळतो कारण तो आलाय. झालं. वाद संपला. तेव्हापासून मी लिंबू आणि तू कप्तान. माझं खरं नाव तुझ्या तोंडून मी पन्नाशी आली तरी ऐकलेलं नाही.

त्या मैदानावर कधी मास्तर आले नाहीत. चिडीचा डाव कुणी खेळला तर आपणच त्याला बाहेर बसवायचो, आणि तो रडायला लागला की आपणच परत घ्यायचो. म्हणून तू खुर्चीला खिळलास त्या वर्षी हा कॉम्प्युटरवरचा खेळ मला दाखवलास, पाच जणांनी मिळून पूल राखायचा, तेव्हा मला तो फार अनोळखी वाटला नाही. तुझे पाय गेले होते, पण पडद्यावरचा तुझा शिपाई असा धावायचा की बघत राहावं. दर रविवारी सकाळी देवापुढे बसून उठलो की तुझ्याबरोबर पुलावर हजर. मी तिथेही कच्चं लिंबूच. दहा मिनिटांत तीनदा मरायचो. तू कानातल्या फोनवरून ओरडायचास, अरे लिंबा, झाडामागे लप, झाड काय शोभेला ठेवलंय? तुझ्या वाढदिवसाला मी तुझ्या शिपायाला लाल मफलर घेऊन दिला होता. मफलर घालून शिपाई पुलावर उड्या मारायला लागला.

तिथली पोरं मात्र घाणेरडं बोलायची. आईबहिणीवरून. मला ते सहन व्हायचं नाही. मग कंपनीने ती नवी पद्धत आणली की गैरवागणुकीच्या तक्रारी खेळाडूंनीच बघायच्या. ज्याच्यावर कधी तक्रार नाही अशांना पंच केलं, त्यात माझा नंबर लागला. तुला फोन करून सांगताना माझा आवाज चढला होता, तुला आठवत असेल. माझे वडील गावात पंच बसायचे. भांडण घेऊन आलेल्या दोघांना ते आधी बसवायचे, पाणी द्यायचे आणि पाणी पिऊन होईपर्यंत कुणाला बोलू द्यायचे नाहीत. मला वाटलं, त्यांचं काम माझ्याकडे आलं. देवापुढे बसलो की मनात म्हणायचो, चार पोरांची तोंडं स्वच्छ झाली तर तेवढीच सेवा. पाण्याचं मात्र लक्षात राहिलं नाही.

प्रकरणं फोनवर यायची. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून एका हाताने घास आणि एका हाताने न्याय. नावं झाकलेली असायची, कुणावर राग-लोभ नको म्हणून. खेळ दोन तऱ्हांनी बघता यायचा. एक जवळून, म्हणजे शिपाई जसाच्या तसा दिसायचा, पण त्याला वेळ लागायचा. दुसरा वरून, नकाशावर, जिथे प्रत्येक खेळाडू म्हणजे एक ठिपका. मी नकाशाच बघायचो. खाली तीन बटणं: दोषी, निर्दोष आणि सांगता येत नाही. तिसरं बटण मी कधीच दाबलं नाही. कारखान्यात तिसरा ट्रे नसतो.

आणि त्या नादात रविवार सुटले. पहिल्यांदा मी म्हणालो, आज नको रे, प्रकरणं साठलीत. तू म्हणालास, न्यायाधीश महाराज, गरिबाच्या पुलावर पायधूळ कधी झाडणार? मी हसलो, पुढच्या रविवारी म्हणालो. असे अकरा रविवार गेले. मी मोजले नव्हते, परवा मागे जाऊन मोजले. मी नसताना तू अनोळखी चौघांबरोबर खेळत राहिलास. त्या दिवसांत तुझा डावा हात गेला, हे तू मला सांगितलं नाहीस. कसा आहेस म्हटलं की म्हणायचास, मजेत, पूल शाबूत आहे. आणि मीही तेवढंच विचारून फोन ठेवायचो.

डावा हात म्हणजे चालायची बटणं. ती गेली. उजव्या हाताच्या दोन बोटांवर तू शिपायाला फक्त वळवू शकत होतास. हे मला मंगळवारी वहिनींकडून कळलं.

माझं दोनशे बारावं प्रकरण साधं होतं. शिवीगाळ नाही, फसवणूक नाही. तक्रार अशी की हा खेळाडू पुलाच्या तोंडाशी नुसता उभा राहतो, त्याच्यामुळे बाकीचे चौघे हरतात, ही चौथी वेळ. मी नकाशा लावला. चार ठिपके मुंग्यांसारखे धावत होते, पाचवा जागचा हलला नाही. खेळ पुढे सरकवून बघितला, तरी तिथेच. त्या दिवशी कारखान्यात दोन पोरं कामावर येऊन गुदामात झोपलेली सापडली होती, आणि त्यांच्या वाटच्या काचा माझ्या टेबलावर आल्या होत्या. मी दोषी दाबलं. कारण लिहायची चौकट असते, ती बहुतेक पंच रिकामी सोडतात. मी सोडली नाही. शाळेत निबंधाला बक्षीस मिळालेला माणूस मी. एका प्रकरणाला सात पंच, सातांचीही मतं दोषीच पडली आणि तो खेळाडू कायमचा बाद झाला. बहुमताबरोबर राहिलो म्हणून मला एक पदकही मिळालं, पडद्यावर पिवळं, गोल, फिरणारं.

मंगळवारी वहिनींनी फोनवर सगळं सांगितलं तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीतच होतो. डबा तसाच झाकला. जुन्या प्रकरणांच्या यादीत जाऊन ते उघडलं आणि पहिल्यांदाच जवळून बघितलं. पुलाच्या तोंडाशी लाल मफलर घातलेला शिपाई. नाव झाकलेलं होतं रे, मफलर कुठे झाकलेला होता? तो नुसता उभा नव्हता. बाकीचे चौघे डावीकडे पळाले की हळूहळू डावीकडे वळायचा, उजवीकडे पळाले की उजवीकडे. शत्रू समोर आला की त्याच्याकडे तोंड करायचा आणि मार खायचा. परत जिवंत झाला की परत तेच. चौघांपैकी एकाने त्याला लिहिलं होतं, ए पुतळ्या, निघ ना. त्याने बराच वेळ घेऊन उत्तर टाइप केलं होतं, बघतोय मी, तुम्ही छान खेळता. नकाशावर यातलं काही दिसत नाही. त्यावर दिसतो तो ठिपका, आणि ठिपक्याला तोंड नसतं.

कंपनीला चार वेळा लिहिलं. आजार लिहिला, डॉक्टरांचं नाव लिहिलं, चूक माझी आहे हेही लिहिलं. चारही वेळा तेच उत्तर आलं, की खेळाडूंचा निर्णय अंतिम आहे आणि खेळ स्वच्छ ठेवल्याबद्दल ते माझे आभारी आहेत. कुणाच्या पाया पडावं तर तिथे पायच नाहीत. पंचपद मी सोडून दिलं, पण त्यातून तुला काही परत मिळालं नाही. तुझा शिपाई, सात वर्षांचा तो मफलरवाला, आता कुठेच नाही.

आता ते कारण. त्या दिवशी निकालाखाली आलेलं वाक्य वहिनींनी तुला पडद्यावरून वाचून दाखवलं, आणि तेव्हापासून तू तेच म्हणतोस. ज्याला खेळता येत नाही, त्याने दुसऱ्याची जागा अडवू नये. मास्क आणला की हेच, वहिनी रात्रंदिवस उशाशी बसतात त्यावरूनही हेच. सात परक्या माणसांनी नीट बघून सांगितलंय, त्यांचं माझ्याशी काय वैर, म्हणजे खरंच असणार, असं तू म्हणालास म्हणे. कप्तान, ते वाक्य माझं आहे. सातांनी नाही, एकाने लिहिलं, आणि नीट बघून नाही, घास चावता चावता, चार सेकंदांत. परक्याने नाही लिहिलं. तुझ्या लिंबाने लिहिलं. हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुझ्या त्या अर्ध्या उरलेल्या आवाजात तू लगेच म्हणाला असतास, जाऊ दे रे, आणि मला इतक्या झटपट सुटायचं नव्हतं. या पत्राने तू मास्क लावशील असं मला वाटत नाही. तू एकदा ठरवलंस की बदलत नाहीस, आणि तसं सांगायला मी कोणत्या तोंडाने येऊ? देवाकडे मागायला बसतो आणि नुसताच बसून उठतो. रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. फोन घरी ठेवून येईन. तू तोंड फिरवलंस तर जिकडे फिरवशील तिकडे खुर्ची नेऊन बसेन. पुढचं माझ्या हातात नाही, आणि तुझ्या हातात तर काहीच उरलेलं नाही. वहिनी, पत्र संपलं की त्याला लोहाराच्या पोराचा तो प्रश्न विचारा, मग हा खेळतो कशाला म्हणून. उत्तर त्याचंच आहे. आठवत नाही म्हणाला तर मागच्या पानावर आहे, पुन्हा वाचून दाखवा.

तुझाच, ज्याला तू एकदाही बाद होऊ दिलं नाहीस तो,
लिंबू