उंच खिडकीचं घर

३ मार्च
जुन्या शाळेतली घरं बघून आले. शाळेची घरं करतायत, त्यात माझ्या वाट्याला तिसरीचा वर्ग! मी गावी चौथीपर्यंत शिकले, म्हणजे म्हातारपणी एक इयत्ता मागेच गेले.
खोली झकास. भिंतींना आतून जाड अस्तर — ऊन नको, थंडी नको, वीज कमी. मागच्या छपरावर सोलर. पण खिडकी? माझ्या डोक्याच्या वर! पोरांनी बाहेर बघू नये म्हणून तेव्हा मुद्दाम उंच ठेवलेली. रस्ता दिसणार नसेल तर मी घर घेत नाही. मग लेकीकडे राहायचं, अन् तिथे शिंकायचं तरी विचारून!

६ मार्च
जुन्या इमारती सांभाळणाऱ्या खात्याचे साहेब आले. ताडमाड उंच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, असं कामावरचा गवंडी म्हणाला. खिडकी खाली घ्यायची की नाही, ते यांच्या हातात. दर दोन वाक्यांना "जपून!" मी नावच ठेवलं — जपूनसाहेब.
"बाई, रस्त्याकडची एक वीटसुद्धा हलवायची तर विचार करावा लागतो. अख्खी गल्ली जपायची आहे."
"गल्ली जपा हो. पण मी काय शिक्षा झाल्यासारखी भिंतीकडे तोंड करून बसू?"
हसू दाबलं त्यांनी. दिसलं मला!
म्हटलं, तुम्हाला दिसतंय ना, मग सांगा तरी. सांगितलं बिचाऱ्यांनी — न्हाव्याचं दुकान, दोन सायकली, पायरीवर झोपलेलं कुत्रं.
"जपून बघा," म्हटलं, "उठेल ते."

११ मार्च
लेकीचा फोन. "आई, महिनाअखेर घर घ्यायची मुदत संपतेय. ठरव बाई एकदाचं!"

१४ मार्च
जपूनसाहेब पुन्हा हजर. माप घ्यायचंय म्हणे. मागच्या वेळी घेतलेलं काय आटलं?
मी विचारायच्या आत साहेबच खिडकीशी गेले. "आज कुत्रं नाही. न्हावी स्वतःचीच दाढी करतोय."
माप राहिलं बाजूला, रस्ता सांगत बसले. मला!

१९ मार्च
जपूनसाहेबांनी माझं काम दुसऱ्या साहेबांकडे देऊन टाकलं. डोकंच फिरलं माझं.
"अहो, ते दुसरे खडूस आहेत म्हणतात! माझं काय चुकलं?"
चष्मा पुसत बसले. मग हळूच — "जवळच्या माणसाचं काम आपण बघायचं नसतं. नियम आहे."
"जवळची? कधीपासून?"
"ते नियमात लिहिलेलं नाही."

२४ मार्च
नव्या साहेबांनी खिडकीला नाही म्हटलं. मी घराला हो म्हटलं.
लेक विचारतेय, "अगं आई, असं कसं?"
आता तिला सांगू कसं, रस्ता सांगणारं उंच माणूस मिळालंय म्हणून!