थोरलीचे सुटे भाग

३ मार्च

ही वाकडी पट्टी कुठं बसते? बोटभर लांब, दोन भोकं, एका टोकाला बारीक स्प्रिंग. तासभर हातात धरून बसले. मला माहीत नाही. ज्याला माहीत असतं, त्याला जाऊन आज एकोणीस दिवस झाले.

दादाची पद्धत मला ठाऊक होती. गाडीचं जे काही उघडायचं ते शेडमध्ये जुनी चादर अंथरून ओळीनं मांडायचं. आधी काढलेलं डावीकडे, शेवटचं उजवीकडे. बसवताना उलटं यायचं. मी म्हणायचे, लिहून का ठेवत नाहीस? "ग्रॅज्युएट तू. तू लिही. माझी वही ही चादर." अकरा ओळी झाल्या होत्या. आम्ही सगळे ती चादर ओलांडून नाही, वळसा घालून जायचो.

तो गेला त्या दिवशी घरात माणसं मावेनात. शेडमध्ये बसायची सोय करावी म्हणून आईनं चादरीची चारी टोकं उचलली, गाठ मारली आणि गाठोडं कोपऱ्यात टाकलं.

आज मी ती गाठ सोडली तेव्हा आई शेजारीच उभी होती. "बघ, एक खिळासुद्धा हरवू दिला नाही मी."

"खरंच गं आई," म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

४ मार्च

बाबा जेवताना म्हणाले, "एप्रिल संपला की भंगारवाला येईल. त्याला शब्द दिलाय."

आईचा घास हातातच राहिला. "थोरलीला?"

थोरली म्हणजे आमचा ट्रक. आजोबांनी आणलेला, बाबांनी बावीस वर्षं चालवलेला. आम्हा दोघांच्या आधी घरात आली म्हणून ती थोरली, दादा मधला, मी धाकटी. पंधरा वर्षं उभीच होती. गेली चार वर्षं दादा गॅरेजमधून आला की तिच्यात डोकं घालून बसायचा.

मी म्हटलं, "तोवर ती सुरू झाली तर?"

"जिच्यापायी पोरगा गेला ती सुरू झाली, तर काय टाळ्या वाजवू?"

ताप अंगात असताना दादा तिचा एक भाग शोधायला दोनशे किलोमीटर गेला होता. परत आला आणि पाचव्या दिवशी संपलं. बाबांचा हिशेब सरळ आहे. मी त्यात चूक काढू शकत नाही.

पण थोरली सुरू झाली पाहिजे. मी करणार! इतिहासात पहिला वर्ग मिळवलाय — तुकड्यांवरून अख्खी गोष्ट उभी करायची, हेच तर तीन वर्षं शिकवलं.

८ मार्च

शेडच्या भिंतीवर दादाच्या हातची खडूची यादी. वॉटर पंप — खोडलेला. डाव्या दाराचं हँडल. डिस्ट्रिब्युटर.

दादाच्या गॅरेजच्या मिस्त्रींना विचारलं, डिस्ट्रिब्युटर म्हणजे काय? "ठिणगी वाटणारा. सहा सिलिंडर, सहांना ज्याच्या त्याच्या वेळेला. तो नसेल तर बाकी सगळं असून नसल्यासारखं."

"दुसऱ्या गाडीचा नाही का बसत?"

"बसतो. नांदत नाही."

कंपनी मी जन्मायच्या आधीच बंद पडलेली. मिस्त्रींनी मला एक पाना दिला. दादाचा. त्याच्या हाताच्या तेलानं काळा झालेला. मी तो पुसला आणि लगेच वाटलं, कशाला पुसला!

१५ मार्च

जुन्या भागांच्या बाजारात सात दुकानं. गाडीचं नाव ऐकून एकानं हातातला चहा खाली ठेवला — नीट हसता यावं म्हणून. "ताई, हे शोधायला तुम्ही नाही, तुमच्या आजोबांनी यायचं!"

सातव्या दुकानात जाड चष्म्याचे एक गृहस्थ. त्यांनी न हसता बादली उपडी केली आणि तळातून हँडल काढून दिलं. मी उड्या मारायचीच बाकी होते.

घरी आणून लावलं. उजव्या दाराचं निघालं.

मिस्त्री म्हणाले, "राहू दे. गाडी काही हँडलवर पळत नाही." दादा असता तर चार दिवस हसला असता. "काय ग्रॅज्युएट, डावा हात कुठला?" मी शेडमध्ये मोठ्यानं हसले आणि मग थांबता येईना, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

१६ मार्च

दोनशे सहा वस्तूंपैकी चौतीस ओळखल्या.

२४ मार्च

चष्मेवाल्यांचा फोन. एक निवृत्त ड्रायव्हर आहे, एकटाच राहतो, त्याच्याकडे अगदी हीच गाडी. डिस्ट्रिब्युटरसकट. "आत्ता आठवलं, तुमच्या भावालाही मीच पत्ता दिला होता."

म्हणजे दादा तिथंच गेला होता! घरात कुणालाच ठाऊक नव्हतं नेमका कुणाकडे गेला ते.

मी फोन लावला. कोण, कुठली, काही सांगितलं नाही. नुसतं डिस्ट्रिब्युटर हवाय म्हटलं. पलीकडून म्हातारा, खणखणीत आवाज — "आहे. देणार नाही. बघायला या, चहा पाजतो."

२ एप्रिल

जाऊन आले. जसं झालं तसंच लिहिते.

म्हातारबांची गाडी शेडमध्ये नाही, घराच्या पुढच्या खोलीत आहे! भिंत पाडून आत घेतलेली. रंग नवा, सीट स्वतः शिवलेली. इंजिनावर स्वच्छ फडकं. फडकं उचललं — वरचा सगळा भागच नाही. हेड तडकलंय. इंजिनाचं ते लोखंडी झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात, ते दारात पायरी म्हणून पडलेलं. "नऊ वर्षं शोधतोय. बाकी तयार आहे. हेड मिळालं की दुसऱ्या दिवशी रस्त्यावर. मी शहात्तर, ती माझ्याहून थोडी तरुण — बघू कोण आधी हलतं!"

मग स्वतःच सांगायला लागले.

"दोन महिन्यांमागं एक पोरगा आला होता. त्याच्याकडे हेड, माझ्याकडे डिस्ट्रिब्युटर. मी म्हटलं, तू हेड दे. तो म्हणे, तुम्ही डिस्ट्रिब्युटर द्या. दोघंही हट्टाला पेटलेले! तासभर भांडलो, हसून हसून पोट दुखलं. अंगात ताप होता त्याच्या. म्हटलं, आज इथंच पड, सकाळी डॉक्टरला दाखवू. ऐकेल तर शपथ! म्हणे, उद्या बहिणीला पदवी मिळणार, घरातली पहिलीच. पुढच्या रांगेत दिसलो नाही तर जन्मभर ऐकवेल. गेला. पुन्हा येतो म्हणाला होता. तुम्हीही याच गाडीच्या मागं, म्हणून आठवलं."

मी म्हटलं, "आजोबा, मी त्याची बहीण."

"अरे! मग आधी नाही का सांगायचं! कसा आहे?"

मी सांगितलं.

ते बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिले. मग उठले, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि डिस्ट्रिब्युटर सोडवायला बसले. स्क्रू निसटत होता, पण मला हात लावू दिला नाही. "त्या दिवशी दिला असता, तर आनंदात रात्रभर थांबला असता कदाचित…" त्याच फडक्यात गुंडाळून माझ्या हातात ठेवला.

बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसले. बाबा म्हणतात गाडीपायी. म्हातारबा म्हणतात, "माझ्यापायी."

पदवीच्या दिवशीच्या फोटोत दादा पुढच्या रांगेत आहे. डोळे लाल. मला वाटलं रडला. मी त्याला चिडवलंसुद्धा — "मिस्त्री, रडता काय बायकांसारखे!" तो नुसता हसला. मी त्याच्या कपाळाला हात लावला नाही. एवढे लोक होते, मला सगळ्यांबरोबर फोटो काढायचे होते.

३ एप्रिल

काही लिहवत नाही.

९ एप्रिल

मिस्त्रींना सांगितलं. घरी नाही. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाले, "ताप कुणाला विचारून चढत नाही, पोरी. तू त्याला बोलावलं नव्हतंस. तो आला होता." बरं वाटावं म्हणून म्हणाले. नाही वाटलं.

ओळखलेल्या वस्तू : एकाहत्तर.

१२ एप्रिल

सकाळी दारात म्हातारबा! सांगितलं नाही, सवरलं नाही. हातात हत्यारांची पेटी. "गाठोडं सोड. बघू काय काय आहे."

आईला मी एवढंच सांगितलं, की दादाच्या ओळखीचे आहेत. दुपारपर्यंत त्यांनी सगळं निवडलं — तांदूळ निवडावेत तसं, वर न बघता. हे पंपाचं, हे क्लचचं, हे क्लचचं. वाकडी पट्टी मी त्यांच्यापुढं धरली. सव्वा महिना उशाशी ठेवली होती! त्यांनी फिरवून पाहिली. "वहिनी, तुमचं शिलाई मशीन चालतं का नीट?" आई म्हणाली, कुठलं! फेब्रुवारीपासून टाके सोडतंय. "मग ही घ्या."

आई हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

मग त्यांचे हात थांबले. पिस्टनच्या रिंगा हातात घेतल्या होत्या. तीन तुटलेल्या. रिंग लोखंडाची असली तरी काचेसारखी असते, पडली की गेली, आणि तिच्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, हे त्यांनी नंतर मला एकटीला सांगितलं. गाठोडं टाकलं तेव्हाच. आईनं विचारलं, "काही मोडलंय का हो?"

"नाही वहिनी. सगळं नीट सांभाळलंत." माझ्याकडे नुसतं बघितलं.

जेवायच्या आधी त्यांनी हेड मागितलं — बघायला. ते चादरीवर नव्हतंच कधी, दादानं घोंगडीत गुंडाळून वेगळं ठेवलेलं. गेल्या वर्षीचा सबंध हिवाळा तो त्याचे व्हॉल्व्ह घासत होता : काठीला व्हॉल्व्ह चिकटवून दोन्ही तळव्यांत घुसळायचा, पुसायचा, उजेडात बघायचा, पुन्हा घुसळायचा. मी अभ्यास करताना तो घर्र-घर्र आवाज नको व्हायचा. दार लावून घ्यायचे.

म्हातारबांनी हेड विटांवर ठेवलं, भोकांतून रॉकेल ओतलं. "व्हॉल्व्ह कुठं नीट बसला नसेल तर खाली पाझरेल. चला जेवू." जेवण झालं, चहा झाला, दोन तास झाले. त्यांनी खालून एकेका व्हॉल्व्हवर बोट फिरवलं. बारा वेळा. बोट कोरडं.

बाबा कामावरून आले ते शेडच्या दाराशी थांबले. दादा गेल्यापासून त्यांनी तिकडं पाहिलंही नव्हतं. "काय चाललंय?"

"तुमच्या पोराचं काम तपासतोय."

"मग?"

"एकतीस वर्षं गाड्या चालवल्या. बोट ठेवायला जागा ठेवली नाही त्यानं."

बाबा आत निघून गेले. नळ बराच वेळ चालू होता.

जाताना म्हातारबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हेड मागितलं नाही. एका शब्दानंही नाही. मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं — आणि किती सोपं झालं असतं!

१८ एप्रिल

रिंगा नाहीत. कुठंच नाहीत. चष्मेवाले म्हणाले, "त्यापेक्षा मला नवे दात येतील." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "वर्षभर द्या, बघतो." वर्ष कुठून आणू? भंगारवाल्याला बारा दिवस उरले.

बाबांकडे मुदत मागू शकते. देतीलही. पण मग पुढल्या वर्षी आणखी काही निघेल. आणि मागायचं तर सांगावं लागेल रिंगा का तुटल्या. आईसमोर.

२१ एप्रिल

आई मशीनवर बसली होती. टाके नीट येतायत. म्हणाली, "डिस्ट्रिब्युटरही मिळालाय ना? मग आता कधी सुरू होईल गं?"

मी म्हटलं, "बघू." शेडमध्ये गेले. हेडवर कान ठेवून बसले — वेडीच! काय ऐकू येणार होतं? थंड लोखंड. मी दार लावून घेत होते तेव्हाचं सगळं ऐकायचं होतं मला.

थोरलीत हे हेड कधीच चालणार नाही. हे मला बारा तारखेलाच कळलं होतं. नऊ दिवस मी ते लिहिलं नाही.

२५ एप्रिल

हेड म्हातारबांना दिलं. डिस्ट्रिब्युटरही परत केला. घरात कुणाला विचारलं नव्हतं. टेम्पो दाराशी उभा होता आणि हेड काही एकटीला उचलेना. तिसऱ्यांदा खाली टेकवलं तेव्हा पलीकडची बाजू कुणीतरी धरली. बाबा. कुठं न्यायचंय तेही विचारलं नाही. म्हणाले, "पाठ नको वाकवू. गुडघे वाकव."