राज्यपालाची मान

फ्रेडरिक्टन,
९ मे

प्रिय आल्देआ,

कशी आहेस? लॉबस्टरचा हंगाम सुरू झाला असेल. यंदा तरी गावाला बरा भाव मिळो.

इथे ठीक आहे. राजभवनाच्या बागेत ट्युलिप आलेत. परवा फ्रिको खावासा वाटला, आईच्या हातचा, कोंबडी-बटाट्याच्या पातळ रश्श्याचा. स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलायला घेतले, तर आचारी इतका अवघडला की मीच सुरी ठेवून बाहेर आलो. मी घास घेतल्याशिवाय इथे कुणी जेवत नाही, मी बसल्याशिवाय कुणी बसत नाही. पाहुणे नसले की त्या लांबलचक टेबलाशी मी एकटाच. तुझी रोझाना वहिनी गेल्यापासून एकट्याने जेवायची सवय झाली, असं सगळ्यांना सांगतो. झालेली नाही.

हवापाणी पुरे. फोनवर तू म्हणालीस, "एदमों, जन्मभर कोर्टात तोंड चालवलंस. आता नुसती मान हलवू नकोस, एवढंच कर." मी वकिली सुरात समजावत बसलो, की कायदा निवडून आलेल्यांनी केलाय, कॅनडाच्या राजाच्या नावाने संमती देताना राज्यपालाने स्वतःचं मत मध्ये आणायचं नसतं. तू फोन ठेवून दिलास.

काल सभागृहात विधेयकाचं नाव वाचलं गेलं. ज्या इस्पितळासाठी मी कोर्टात भांडलो, जिथे तू जन्मभर रोग्यांसाठी रांधलंस, ते बंद करणारं. मी मान हलवली. तोंडही उघडावं लागत नाही गं. राज्यपाल म्हणून बरोबर वागलो, असं आजही म्हणेन. पण मला स्वतःची लाज वाटली, आणि ती चारचौघांत बोलून दाखवायची मला मुभा नाही.

मी निघालो तसे रिवाजाप्रमाणे सगळे उठले, विरोधी पक्षसुद्धा. वर प्रेक्षकांत एकच बाई बसून राहिली, निळ्या कोटात. माझा लष्करी सहायक हळूच म्हणाला, "वय झालंय, सर. उठवत नसेल."

"चांगलं उठवतं तिला," मी म्हटलं. "माझी बहीण आहे ती."

खाली येऊन तुला शोधलं, तर तू बसने निघूनही गेली होतीस. एवढ्या लांब येऊन उपाशीच परतली असशील.

रविवारी मी येतोय, गाडीवरचा झेंडा उतरवून. अख्ख्या गल्लीसमोर मला हवं ते बोल. उलट उत्तर देणार नाही. पण दार उघड, आल्देआ.

अजून तुझाच आहे असं धरून चालणारा,
एदमों