चौकटीतला उजवा हात

ता. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू तीनदा हो हो म्हणालास म्हणजे तुला काहीही ऐकू आलेलं नाही, हे मला आता पाठ झालंय. म्हणून नेहमीसारखं लिहूनच कळवते. उद्यापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी आठ वाजता तुझ्या भाचीचा खुर्चीवरचा योगवर्ग आहे. ती तिच्या इस्पितळातल्या व्यायामाच्या खोलीतून शिकवणार आणि आपण बारा म्हातारेकोतारे आपापल्या घरी खुर्चीत बसून, पडद्यावर तिचं बघून करणार. तुझं नाव मी घालून टाकलंय. विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास. पत्र मिळेपर्यंत पहिला वर्ग हुकू नये म्हणून खालच्या औषधवाल्याला फोन करून ठेवलाय, तो वर येऊन टॅबलेटवर वर्ग लावून देईल.

जानेवारीत जिन्यावर तुझा तोल गेला, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. वहिनी गेल्यापासून तू एकटा, त्यात कानांची ही तऱ्हा. खुर्ची बिनचाकांची घे आणि पाठ भिंतीला टेकवून ठेव, म्हणजे ती मागे सरकणार नाही. पायात मोजे नकोत. टॅबलेट इतका लांब ठेव की डोक्यापासून पावलांपर्यंत अख्खा दिसशील. मी लेकीला बजावलंय की बाकी कोणाकडे बघितलं नाहीस तरी चालेल, मामाच्या चौकटीवरून नजर हलवू नकोस.

तिला मोठ्या इस्पितळात दोन वर्षांच्या शिक्षणासाठी घेतलंय. पंधरा एप्रिलला निघेल. सहा वर्षं ती याची वाट बघत होती, तेव्हा जाण्याआधी तिच्या डोक्याला आपल्या दोघांचाही ताप नको. माझं ठीक आहे. नव्या चष्म्याने डोकं चढतं, तेवढंच.

लोभ आहे तसा राहू दे, आणि जिना उतरताना कठड्याला हात.

तुझी धाकटी


ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मुख्याध्यापिका निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण हुकूम काढायची सवय काही सुटली नाही. बाईसाहेब, तीन वर्ग झाले. तीनही वेळा हजर होतो.

टीचरबाईंचा मला एक शब्द ऐकू येत नाही. मी सगळं बघून करतो. चाळीस वर्षं लोकांच्या तसबिरींना चौकटी घातल्या, बघण्याचंच खाल्लं. अडचण फक्त डोळे मिटण्याची. शुक्रवारी सगळ्यांनी मिटले म्हणून मीही मिटले. उघडा कधी म्हणाली ते मला कोण सांगणार? उघडले तेव्हा पडदा काळा आणि घड्याळात साडेनऊ. आता एक डोळा किलकिला ठेवतो. त्यामुळे बाकीच्यांची गंमतही दिसते. ते निवृत्त न्यायाधीश कोट घालून बसतात आणि खाली पायजमा असतो, हे त्यांना बहुतेक ठाऊक नसावं.

आता एक सांगतो, रागावू नकोस. दोन्ही हात वर घ्यायचे असतात तेव्हा तुझा उजवा हात डाव्याच्या मागून येतो आणि चार बोटं खालीच थांबतो. धंद्याची खोड म्हण, पण वाकडं टांगलेलं मला खुपतं. आधी वाटलं, तुझा टॅबलेटच कलता आहे. पण तुझ्या मागच्या खिडकीची चौकट अगदी ओळंब्यात आहे. खिडकी सरळ आहे, तू कलती आहेस. खांदा आखडलाय का? एकदा दाखवून घे.

जास्त लिहीत नाही. तब्येतीला जप, एवढं धाकट्या बहिणीकडे मागणं.

दादा


ता. १४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माझे दोन्ही हात सारखेच वर जातात. मी मुद्दाम खुर्चीत बसून दहादा करून पाहिलं. तू पडद्यात तोंड घालून लोकांचे पायजमे बघण्यापेक्षा स्वतःच्या पायांकडे बघ. लेक म्हणाली, धड वळवताना तू खुर्चीची पाठ धरतच नाहीस. बुधवारपासून रात्री झोप नाही मला.

तशी दिवसा येते. दुपारी वर्तमानपत्र घेऊन बसले की कधी डोळा लागतो कळत नाही. वय झालं. उजव्या पायातली चप्पल सारखी निसटते, ती सैल झालीय.

आता खरं सांगते, नाहीतर तू खणत बसशील. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पडदा बदलायला स्टुलावर चढले आणि खाली आले. डोकं कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं. टेंगूळ चार दिवसांत जिरलं, विषय संपला. सहा आठवड्यांपूर्वीचं ते, त्याचा हाताशी काय संबंध? लेकीला कळलं तर ती जाणं रद्द करेल, मला माहीत आहे ती कशी आहे. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, तिला यातलं काही सांगायचं नाही.

रागाने लिहिलं असलं तरी माया उणी समजू नकोस.

तुझी धाकटी


ता. १८ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काल तुझं पत्र आलं. डोक्यावर पडलीस आणि सहा आठवडे गप्प बसलीस? तुझं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. या पत्रात ओळी खाली उतरत गेल्यात, शेवटची तर कागदाबाहेर जायला निघालीय.

तुला पटावं म्हणून सोमवारी मी पडद्यावर पट्टी धरली. हातातला फरक आठवड्यात दुप्पट झालाय. पाय पुढे लांब करतानासुद्धा तू उजवा पाय हाताने उचलून ठेवलास. मी पाहिलं. आणि आज सकाळी तुझी चौकटच काळी. नाव दिसतं, तू दिसत नाहीस. कॅमेरा बिघडला, असं सगळ्यांना सांगितलं असशील. माझ्यापासून लपलीस, होय ना?

मला भीती वाटते गं. मी फोनवर ऐकू शकत नाही, टपालाने तीन दिवसांच्या वाटेवर राहतो, माझ्या हातात हा कागद तेवढा आहे. हात जोडतो, डॉक्टरकडे जा. मुलीचं जाणं अडेल म्हणतेस. तुला काही झालं तर ती कुठे जाणार आहे? सोमवारपर्यंत दाखवलं नाहीस तर शपथेचं काय करायचं ते माझं मी बघेन.

एवढ्या एका वेळी थोरल्याचं ऐक.

दादा


ता. २६ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आई शुद्धीवर आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू धीराने वाचशील. औषधवाल्याने तुला थोडं सांगितलं असेलच, पण सगळं तुला माझ्याकडून कळायला हवं.

सोमवारी हात वर घेणं चाललं होतं आणि तू एकदम उठून भलामोठा पुठ्ठा कॅमेऱ्यासमोर धरलास. त्यावरची अक्षरं सगळी उलटी. न्यायाधीशांनी विचारलं, ही कोणती लिपी. दोघंतिघं हसले. मी बसायच्या खुणा करत होते आणि तू पुठ्ठा आणखी पुढे आणत होतास. मला वाटलं, मामालाच काहीतरी झालं. आईने महिनाभर तुझीच काळजी माझ्या मनात भरली होती. मी वर्ग तिथेच थांबवला आणि औषधवाल्याला धावत तुझ्याकडे पाठवलं.

त्याने सांगितलं की आपण स्वतःला पडद्यावर आरशासारखे दिसतो, म्हणून आम्हाला सुलट दिसावं या हिशेबाने तू रविवारभर खपून ‘आईला डॉक्टरकडे ने’ यातलं एकेक अक्षर उलटं काढलंस. सरळ लिहिलं असतंस तरी आम्हाला ते सुलटच दिसलं असतं रे. मग तू त्याच्या हातात आईचं पत्र कोंबलंस आणि त्याने ते मला फोनवर वाचून दाखवलं. कपाटाच्या कोपऱ्यापर्यंत आल्यावर पुढचं ऐकायची गरज राहिली नाही.

आईचा फोन लागेना. समोरच्या बाईंकडे जादा किल्ली होती, त्यांनी दार उघडलं. आई खुर्चीत बसली होती, टॅबलेट चालू, कॅमेऱ्यावर वर्तमानपत्राची घडी. मी ठीक आहे म्हणायची आणि पुन्हा झोपेत जायची. मार लागल्यापासून कवटीच्या आत थेंब थेंब रक्त साचत गेलं होतं आणि मेंदूवर त्याचा दाब आला होता. त्याच रात्री लहानसं भोक पाडून ते काढलं. आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात किती परत येईल हे कोणीच सांगत नाही. काल तिच्या हातातून चमचा पडला आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

कोणाचा हात किती वर जातो हे बघणं, हेच माझं काम आहे, मामा. त्याचाच पगार घेते. आईची चौकट तुझ्या चौकटीला लागून होती आणि मी तुझ्याकडे बघत राहिले. पंधरा तारखेचं काय करायचं ते मला अजून सुचत नाही. तुझ्यावर रागही आहे. शपथ घातली म्हणून इतके दिवस थांबायचं?

तरी तुझ्या पाया पडते. मला आशीर्वाद हवा आहे.

तुझी भाची


ता. ३० मार्च

चि. टीचरबाईंस,
अ. उ. आ.

तुझा राग बरोबर आहे, तो मी डोक्यावर घेतो. सांगायचं नाही अशी शपथ होती. मी सांगितलं नाही, पुठ्ठा दाखवला. एवढी पळवाट शोधायला मला सत्त्याहत्तर वर्षांचं डोकं आणि सहा दिवस लागले. पत्र टाकायचं, तीन दिवस टपालात जाणार, उत्तराची वाट बघायची, या सगळ्यात ते रक्त साचतच होतं. हे मला आता रोज जेवताना आठवतं.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. तुला बारा जणांना शिकवायचं होतं, मला एकीलाच बघायचं होतं. तिच्या हाताचं रोज एक ओळ कळव. वाईट असलं तरी कळव. मी आता अंदाज करत बसू शकत नाही.

जिच्या उशाशी बसली आहेस तिच्या कपाळावरून माझा हात फिरव.

मामा


ता. ११ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला तीन दिवस लागलेत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. पेन धरता येतं. गुंडी लावता येत नाही. पाय बराच सुधारला. लेक पंधराला निघतेय. नाही म्हणत होती, मी दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं तेव्हा तयार झाली. वर्ग ती तिथून चालू ठेवणार आहे, आणि समोरच्या बाई सध्या रात्री माझ्याकडे झोपतात.

मला तुझी एक गोष्ट लागून राहिलीय. मी लपवत होते असं तू लिहिलंस. पडल्याचं लपवलं, कॅमेऱ्यावर कागद ठेवला, ते कबूल. पण हाताचं तसं नव्हतं, दादा. इस्पितळातले डॉक्टर रोज सकाळी डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरायला लावायचे, ते आता घरी लेक करून घेते. काल उजवा हळूहळू खाली आला, आणि तो खाली येतोय हे मला कळलं. मार्चमध्ये कळत नव्हतं. दहादा वर करून बघितले असं लिहिलं होतं ना, ते खोटं नव्हतं. दहाही वेळा मला ते सारखेच वाटले होते.

आता भीती वाटते ती याचीच. तेव्हा वाकडं मला सरळ वाटत होतं, तसं आज काय वाटत असेल, कोणाला ठाऊक. मी सोमवारी वर्गात येतेय, डोक्यापासून पावलांपर्यंत दिसेन अशी बसणार आहे. मी कलले की सांग. मी चिडेन, नाही म्हणेन, पुन्हा गळ्याची शपथ घालीन. तरी सांग.

तुझ्याच नजरेवर विसंबलेली,
धाकटी