गोठलेल्या तळ्याच्या काठावरून

प्रिय परवीन आपा,
निरवांगीत सगळ्यांना सलाम. मी पामीरच्या डोंगरात एका मेंढपाळाच्या घरी सुखरूप हाय. गरम दूध-रोटी मिळती, एवढं अम्मीला सांग. तिचा गुडघा कसा हाय?

पुढचं तिला वाचून दाखवू नको.

परवा गोठलेलं तळं ओलांडायचं व्हतं. माझा वाटाड्या दाऊद, त्याची घोडी बर्फावर पाय ठेवंना. मेंढपाळ म्हातारा काहीतरी पुटपुटला. दाऊद हसला, "म्हणतोय, जनावर नको म्हणतंय, माघारी फिरा."

मला घाई व्हती. मी म्हणालो, "एवढ्या लांबून आलोय, दाऊदभाई."

"थांब मग. मी बर्फ बघून येतो," म्हणून तो चालत धुक्यात गेला. थोड्या वेळानं बंदुकीसारखा आवाज झाला. मी घसा बसंस्तवर हाका मारल्या.

आज धुकं उठलं. त्याची पावलं तळ्याच्या मध्यापर्यंत दिसत्यात. पुढं काळं पाणी हाय.

त्याच्या बायकोला मीच सांगायला पायजे. तिचं गाव पलीकडं हाय. डोंगरावरनं वळसा घालून चार दिवसांची वाट हाय, आन् आता वाटाड्या न्हाय. हे पत्र म्हातारा खाली पोचवंल. मी सकाळी निघतोय.

दुआ कर.
तुझा धाकटा, हारिस